बालगृहाआधी खोली

पिंपरी-चिंचवडमध्ये "बालगृहं वाढवा" ही मागणी अधूनमधून होत असते. नाशिक फाट्याच्या सिग्नलवर गाडीच्या काचेवर टकटक करणारी पोरं दिसली, चिखलीच्या भंगारात लोखंड शोधणारा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दिसला, चाकणच्या पत्र्याच्या चाळीत आई शिफ्टला गेल्यावर बाहेरून कडी लावून कोंडलेली भावंडं कुणाच्या नजरेस पडली, की ती पुन्हा होते. मागणी करणारी माणसं वाईट नसतात. पोटतिडकीनं बोलतात, वाढदिवसाला संस्थेत खाऊ घेऊन जातात, वह्या देतात. मुलाला या नरकातून उचला, चांगल्या संस्थेत ठेवा, दोन वेळचं जेवण आणि शाळा मिळेल, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. पण मुलाबरोबर त्याच्या आईलाही राहायला जागा द्या, वर्ष-दीड वर्ष भाडं सरकारनं भरावं, सोबतीला एक समाजसेविका असावी, असं कुणी सुचवलं की याच माणसांचा सूर एकदम बदलतो. फुकटे वाढतील, दारुड्यांना बक्षीस कशाला, गावाकडून आणखी येतील, आमच्या कराच्या पैशातून हे का, अशी सरबत्ती सुरू होते. मुलासाठी पाझरणारं मन त्याच्या आईपाशी येऊन कोरडं का पडतं, ते मला अजून कळलेलं नाही. हा लेख त्या सरबत्तीला उत्तर म्हणून लिहिला आहे.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. ज्या मुलाला केवळ कुटुंबाला राहायला जागा नाही म्हणून बालकल्याण समितीपुढे उभं राहावं लागतं, त्याला संस्थेत पाठवण्याआधी त्या कुटुंबाला जागा देऊ करणं सरकारला बंधनकारक असलं पाहिजे. मारहाण होणारं, अत्याचाराला बळी पडलेलं, विकलं जाणारं मूल वेगळं. त्याला त्या घरातून काढलंच पाहिजे आणि तेही तातडीनं. त्याबद्दल माझा वाद नाही. वाद त्या आयांबद्दल आहे ज्यांच्यात खोट एकच, की त्यांच्याकडे डिपॉझिटचे पैसे नाहीत.

बालन्याय अधिनियम, २०१५ उघडून पाहा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोणतं, याची व्याख्या कलम २(१४) मध्ये आहे आणि तिच्यातलं पहिलंच उपकलम घराबद्दल आहे. ज्याला घर किंवा ठरावीक राहण्याची जागा नाही आणि उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नाही, ते मूल. तोच कायदा कलम ३ मध्ये बजावतो की मुलाची पहिली जबाबदारी जन्मदात्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा सगळे उपाय थकल्यावरचा शेवटचा उपाय. आता कलम ३७ वाचा. समितीला कोणकोणते आदेश देता येतात त्याची यादी तिथे आहे. मूल पालकांकडे परत द्या, बालगृहात ठेवा, योग्य व्यक्तीकडे सोपवा, प्रतिपालक कुटुंबात द्या, प्रायोजकत्व मंजूर करा, दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करा. या कुटुंबाला सहा महिने राहायला जागा द्या, असा आदेश त्या यादीत नाही. निदान 'घर नाही' असं करायचं आणि औषधाच्या कपाटात घर सोडून बाकी सगळं ठेवायचं, असा हा प्रकार. समितीपुढे मूल आलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण व्हावी आणि चार महिन्यांत अंतिम आदेश निघावा, असं कलम ३६ सांगतं. तपासणी अहवालाच्या नमुन्यात राहणीमानाची माहितीही मागितलेली असते. कार्यकर्ती ती इमानेइतबारे भरते: पत्र्याची खोली, भाडं थकलेलं, सध्या नातेवाइकाकडे. ते वाचून समिती करणार काय? तिच्या हातात त्या ओळीवर तोडगाच नाही.

समजा, लातूरकडची एक बाई नवरा सोडून गेल्यावर दोन मुलांना घेऊन चाकणला आली. खराबवाडीत किंवा मेदनकरवाडीत दहा बाय दहाची खोली घेतली. अशा खोलीला या पट्ट्यात तीन ते पाच हजार भाडं सहज पडतं, वर डिपॉझिट वेगळं. ठेकेदाराकडून एका कंपनीत पॅकिंगला लागली, हातात महिना दहा हजार. सहा-सात महिन्यांनी ठेकेदारानं ब्रेक दिला. चाकणला ब्रेक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. परमनंट होऊ नये म्हणून मधेच घरी बसवतात. दोन महिन्यांचं भाडं थकलं. मालकानं कुलूप लावलं. आठ दिवस बहिणीकडे, मग मेव्हण्याची कुरकुर, मग एस.टी. स्टँड. कुणीतरी १०९८ या बालमदतीच्या क्रमांकाला फोन केला. फोन करणाऱ्याची चूक नाही, पोलिसांची नाही, समितीचीही नाही, कारण रात्री लहान मुलं स्टँडवर ठेवता येत नाहीत. मुलगी एका संस्थेत जाते, मुलगा दुसऱ्या. आईला सांगितलं जातं, बाई, आधी राहायची सोय करा, मग मुलं घेऊन जा. आता तिनं डिपॉझिट जमवायचं, भाडेकरारासाठी ओळखपत्र दाखवायचं, नवं काम शोधायचं आणि दर भेटीला एक दिवसाची हजेरी बुडवायची. एकट्या बाईला खोली द्यायला मालक आढेवेढे घेतो. 'फॅमिली' कुठे आहे, असं विचारतो. फॅमिली बालगृहात आहे.

ही कथा कल्पित आहे, पण तिच्यातली एकही पायरी या पट्ट्यात राहणाऱ्याला अनोळखी वाटणार नाही. आता या बाईला पूर्ण कुटुंबानिशी आत घेईल असं सरकारी दार कुठे आहे, ते शोधू. बालगृह मुलांचं. निरीक्षणगृह मुलांचं. महिला राज्यगृह बायकांचं. बेघरांचा रात्रनिवारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा हे तत्त्व मान्य झालं आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात कुटुंबांसाठी वेगळे निवारे ठेवायलाही मुभा होती, पण रात्रनिवारा ही रात्र काढायची जागा आहे, तिच्या पत्त्यावर मुलांचं बालपण जात नाही. राहता राहिलं स्वाधार गृह, ज्याचं २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली शक्ती सदन झालं. संकटातल्या बाईला तिथे मुलांसह राहता येतं. पण स्वाधारच्या मार्गदर्शक सूचनांत एक ओळ होती, ती वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहू शकते, मुलगा मात्र त्याहून बऱ्याच लहान वयापर्यंतच. त्यापुढच्या मुलाला बालन्याय कायद्याखालच्या बालगृहात हलवायचं. म्हणजे घर मोडलं म्हणून आई निवाऱ्यात आली, आणि निवाऱ्यानं तिचं उरलंसुरलं घर मुलगा जरा मोठा होताच मोडलं. इतर बायकांच्या सुरक्षिततेसाठी ही अट घातली असणार, हे मला समजतं. सामुदायिक निवाऱ्यात ती लागेलही. म्हणूनच सामुदायिक निवारा हे कुटुंबाच्या प्रश्नाला उत्तर होत नाही. प्रत्येक कुटुंबाला आपल्या दाराची, आपल्या कडीची खोली लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: संस्थेत मूल निदान सुरक्षित तरी असतं. हे गृहीत धरणाऱ्यांनी सरकारचे स्वतःचेच कागद वाचावेत. केंद्र सरकारनं देशातल्या बाल संस्थांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल काढला. साडेनऊ हजारांवर संस्था, पावणेचार लाखांच्या घरात मुलं. त्यातली जवळपास एक तृतीयांश एकल पालकांची. 'अनाथाश्रम' या नावाखाली आपण जे डोळ्यांपुढे आणतो, त्यातल्या मोठ्या भागाची आई किंवा बाप जिवंत आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं आठ राज्यांना पत्र लिहिलं की संस्थांमधली जी मुलं कुटुंबात परत जाऊ शकतात त्यांना शंभर दिवसांत परत पाठवा. त्या आठांत महाराष्ट्र होता. देशातल्या संस्थांमधल्या २.५६ लाख मुलांपैकी सुमारे १.८४ लाख मुलं या आठ राज्यांत होती. करोनाकाळात तर संस्थांमधली दीड लाखाच्या आसपास मुलं प्रत्यक्ष घरी पाठवली गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की परत गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिना दोन हजार रुपये द्या. एका साथीच्या धाकानं जर इतकी मुलं घरी जाऊ शकली, तर साथीआधी ती संस्थेत का होती, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. आयोगाच्या शंभर दिवसांच्या हट्टावर बाल हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी टीका केली आणि ती रास्त होती, कारण घरची परिस्थिती न तपासता घाईनं मुलं परत ढकलणंही क्रूरच. पण त्या टीकेतूनही माझाच मुद्दा निघतो. मूल परत पाठवायचं तर जिथे पाठवायचं तिथे घर असावं लागतं.

संस्थेच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचंच तर चाकणपासून हाकेच्या अंतरावरच्या आळंदीकडे पाहा. वारकरी शिक्षणाच्या नावानं चालणाऱ्या निवासी संस्था तिथे गल्लोगल्ली आहेत. काही फार चांगल्या आहेत, त्यांची परंपरा मोठी आहे. पण काही संस्थांमध्ये मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या, गुन्हे नोंदले गेले, आणि २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाला तिथल्या संस्थांची तपासणी हाती घ्यावी लागली. तिथली सगळी मुलं कीर्तन-मृदंगाच्या ओढीनं आलेली नसतात. पुष्कळ पोरं अशा घरांतली असतात जिथे आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा कंपनीच्या शिफ्टला जातात आणि मूल ठेवायला जागा नसते. मायबापांनी देवाच्या भरवशावर ठेवलेलं मूल बालकल्याण समितीच्या कागदावर कधी येतच नाही. कुटुंबाला घर न देण्याची किंमत अशी नोंदीबाहेर मोजली जाते.

दुसरा आक्षेप जरा अभ्यासू मंडळींचा. ते म्हणतात, घर कशाला, पैसे मिळतातच की. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना चार हजार आहेत. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिचं अनुदान अकराशेवरून २,२५० झालं. दोन्ही योजना चांगल्याच आहेत आणि त्या वाढाव्यात. पण हिशेब करा. प्रायोजकत्वासाठी शहरी भागात कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९६ हजार आहे, ग्रामीण भागात ७२ हजार. ९६ हजार म्हणजे महिना आठ हजार. आपली ती दहा हजारांची बाई या चाळणीतून बाहेर पडली. तिनं काम सोडलं तर ती पात्र, काम धरलं तर अपात्र. आणि पात्र ठरली तरी चार हजार हे चाकणच्या खोलीचं भाडं झालं. पैसे आले तसे मालकाच्या हातात जाणार. तेही वेळेवर आले तर, कारण अनुदान रखडणं हा आपल्या योजनांचा जुना आजार, आणि अनुदान रखडलं म्हणून भाडं रखडू देणारा मालक अजून जन्मायचाय. शिवाय अर्जाला पत्ता लागतो, बँक खातं लागतं, मुलाचा शाळेचा दाखला लागतो. रोखीची मदत घरात बसलेल्या गरिबाला उभं करते. ज्याला घरच नाही त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

यानंतर येतो सगळ्यांचा आवडता आक्षेप: घर दिलं तर विकून टाकतील. याला पुरावाही दिला जातो. चिखलीच्या घरकुलात किती जणांनी भाडेकरू ठेवलेत ते जाऊन बघा, म्हणतात. बघितलं. असे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून काय सिद्ध होतं? महापालिकेनं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत घरकुलं बांधली ती मालकीची, लाभार्थी हिस्सा भरून, बँकेचं कर्ज काढून. हप्ता झेपेना म्हणून माणसानं ते घर भाड्यानं दिलं आणि स्वतः पत्र्याच्या खोलीत गेला. यात लबाडी असेल, पण त्याहून जास्त योजनेची चूक आहे: ज्याला भाड्याची खोली हवी होती त्याला तुम्ही कर्ज दिलंत. मी मागतोय ती जागा भाड्याची, मुदतीची आणि देखरेखीखालची. जी जागा तुमच्या नावावरच नाही ती विकणार कशी?

दारुड्या बापाचंही उत्तर देऊन टाकू. बाप मारत असेल तर खोली आईच्या नावानं द्या. त्याला आत येता येणार नाही, असा आदेश २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आजही मिळतो. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पीडित बाईला तशाच दर्जाची पर्यायी जागा द्या किंवा तिचं भाडं भरा, असं नवऱ्याला फर्मावण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. म्हणजे बाईचं भाडं दुसऱ्यानं भरावं, ही कल्पना आपल्या कायद्याला अजिबात परकी नाही. तो दुसरा नवरा असेल तर आपण त्याला न्याय म्हणतो. नवरा बेपत्ता, मेलेला किंवा कफल्लक असेल आणि ती जबाबदारी सरकारवर आली, की त्याच गोष्टीला फुकटेगिरी म्हणायचं, हे काही पटत नाही.

आता "बाहेरचे येतील" या आक्षेपाकडे वळतो. पिंपरीत बसून हे वाक्य उच्चारायला विशेष धाडस लागतं. बाहेरचे आले नसते तर हे शहर कुठे असतं? १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हा तिच्याभोवती कामगारांची वसाहत झाली, शाळा झाली. एच.ए. कॉलनी हे नाव आजही पत्त्यात चालतं. कारखाना काढायचा तर माणसाला राहायला घर आणि त्याच्या पोराला शाळा लागते, हे तेव्हाच्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मग टेल्को आली, बजाज आली, एमआयडीसी पसरली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याचा मूळ हेतूच कामगारांना परवडणारी घरं हा होता. निगडी-प्राधिकरणातल्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्या कितीतरी घरांचा मूळ पुरुष मराठवाड्यातून, खानदेशातून किंवा कोकणातून एक ट्रंक घेऊन आलेला आहे. त्याला घर मिळालं, कारण तो परमनंट होता, त्याला पी.एफ. होता, सोसायटीचं कर्ज होतं. त्याची मुलं बालकल्याण समितीपुढे गेली नाहीत, कारण त्यांच्या बापाला सरकारनं आणि कंपनीनं मिळून घर दिलं. तेव्हा फुकटेगिरीचा मुद्दा कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. २०२१ मध्ये ते प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन होऊन संपलं. त्याच्या पन्नास वर्षांत कारखानदारी भोसरीहून चाकणला सरकली. १९९९ मध्ये बजाजचा तिथला कारखाना सुरू झाला, पुढच्या दहा-अकरा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आले. महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांच्या शेतांत पत्र्याच्या चाळी उभ्या राहिल्या. कारखान्यांबरोबर कामगारांची कॉलनी आली नाही. आता माणूस ठेकेदाराचा, आणि ठेकेदाराचा माणूस राहतो कुठे हे विचारायचं काम कुणाचंच नाही. माणसं बोलावून आणायची आणि त्यांची मुलं नकोत, असा हा सौदा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेनं आठवडाभरात चार हजारांवर बांधकामं पाडली. भंगाराची गोदामं, पत्र्याचे कारखाने, वर्कशॉप. बांधकामं बेकायदा होती, प्रदूषण होत होतं, हे सगळं मान्य. पण त्या शेडच्या आडोशाला कामगारही राहत होते. पाडकामाचा हिशेब चौरस फुटांत आणि एकरांत होतो. इथे किती मुलं राहत होती, कोणत्या शाळेत जात होती, उद्या ती कुठे झोपतील, हे आधी नोंदवून घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. महापालिकेचा एक विभाग माणसं बेघर करतो, मग त्यांच्यातली काही मुलं सिग्नलवर सापडतात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांचा अहवाल लिहितो. दोन विभागांची गाठ फक्त त्या मुलाच्या फाइलमध्ये पडते.

घरं आणायची कुठून, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला घोषणेनं उत्तर देता येत नाही. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये महापालिकेनं पुनर्वसनाच्या इमारती बांधल्या, त्या देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या बांधकामबंदीच्या रेड झोनमध्ये अडकल्या आणि वर्षानुवर्षं रिकाम्या उभ्या राहिल्या. मी त्या इमारतींत मुलं ठेवा म्हणत नाही. त्या उदाहरणावरून एवढंच दिसतं की या शहरात पैशाचा आणि सिमेंटचा दुष्काळ कधीच नव्हता. चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी, रावेत इथे पंतप्रधान आवास योजनेत मिळून साडेतीन हजारांवर सदनिकांचे प्रकल्प हाती घेतले, तेही सगळे मालकीचे, सोडतीचे. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या बिल्डरला वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, ती म्हाडाच्या सोडतीत विकली जातात. २०२० मध्ये केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. रिकामी पडलेली नेहरू योजनेतली घरं स्थलांतरित मजुरांना भाड्यानं द्यायची. चंडीगडनं तिच्यात २,१९५ घरं दिली. २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यातल्या आवास योजनेत भाड्याची घरं हा स्वतंत्र घटकच आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात औद्योगिक कामगार आणि नोकरदार महिलांसाठी भाड्याच्या घरांची भाषा आहे. एवढ्या सगळ्या योजनांतून शंभर खोल्या बाजूला काढता येत नाहीत, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. आणि बांधलेल्या नसतील तर बाजारातून भाड्यानं घ्या. चाकणचा चाळमालक खाजगी माणसाला डिपॉझिट मागतो. दर महिन्याच्या पाच तारखेला सरकारकडून थेट भाडं येणार असेल तर तोच स्वतः दारात येऊन विचारेल.

खोलीबरोबर माणूस मात्र लागतो, यावर मी अडून बसेन. नुसती चावी हातात दिली तर सहा महिन्यांनी पुन्हा भाडं थकतं. कर्ज आहे, सावकार आहे, कधी बाईच आजारी आहे, कधी थोरल्या पोराला भंगाराच्या पैशाची चटक लागलीय. दहा-पंधरा कुटुंबांमागे एक पूर्णवेळ समाजसेविका, कंपनीच्या शिफ्टच्या वेळा सांभाळणारं पाळणाघर, शाळेत नाव, आधार आणि रेशनची कामं. मिशन शक्तीतल्या 'पालना' योजनेत पाळणाघरांची तरतूद आहेच, पण सकाळी दहाला उघडणारं पाळणाघर सहाच्या पाळीला जाणाऱ्या आईच्या काय कामाचं? बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस या संस्थेनं १९६९ पासून जे काम उभं केलं, त्यातून एक गोष्ट शिकता येते: पाळणाघर आईच्या कामाच्या जागेजवळ आणि तिच्या वेळेला लागतं.

बाहेरच्या देशांत हे करून पाहिलंय, तेव्हा हवेत बोलतोय असं कुणी समजू नये. अमेरिकेत १९९० पासून अशा कुटुंबांसाठी भाड्याची वेगळी व्हाउचर आहेत ज्यांची मुलं मुख्यतः घर नसल्यामुळे तुटण्याच्या बेतात आहेत किंवा परत येऊ शकत नाहीत. कनेक्टिकट राज्यात १९९८ पासून बालसंरक्षण खात्याच्या नजरेखालच्या कुटुंबांना घर अधिक समाजसेवक अशी जोड दिली जाते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं पाच ठिकाणी याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष सगळीकडे सारखे आले नाहीत, हे आमच्या बाजूच्या लोकांनी लपवू नये: कुटुंबं घरात टिकली, पण मुलं वेगळी होण्याचं प्रमाण किती घटलं हे ठिकाणागणिक बदललं. इंग्लंडच्या १९८९ च्या बाल कायद्यात कलम १७ खाली स्थानिक संस्थेला गरजू मुलाच्या कुटुंबासाठी निवास आणि रोख मदत देता येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट म्हणतात की केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये. भारतानं बालहक्क संहितेला १९९२ मध्ये मान्यता दिली आहे. पण मला खरं तर अमेरिकेचा दाखला द्यायची गरज वाटत नाही.

राज्याच्या बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे. त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते आठवा. विधवेला दिवस गेले की ती बाळ मारे किंवा जीव देई. फुल्यांनी बाळं गोळा करणारी संस्था उघडून बायांना परत पाठवलं नाही. बाईला घरात घेतलं, तिचं बाळंतपण केलं. मूल वाचलं ते आईला छप्पर मिळालं म्हणून. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत पुढे त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. सावित्रीबाईंच्या नावाची योजना आज मुलाच्या खात्यात २,२५० टाकते आणि आई कुठे झोपते ते विचारत नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कलम ३७ प्रमाणे समिती मूल पालकांकडे देखरेखीखाली सुपूर्द करू शकते. देखरेख त्या खोलीवर ठेवता येते. खोली कुठून येईल याची सांगड जिल्हाधिकाऱ्यांनी घालावी, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्ह्यातल्या बाल संरक्षणाची सूत्रं बरीचशी त्यांच्याकडे आहेत आणि जमिनीची तर आधीपासूनच होती. महापालिका, चाकण नगरपरिषद आणि एमआयडीसीला एका टेबलाशी बसवू शकेल असा अधिकारी जिल्ह्यात तोच आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्क्यांतून सामाजिक काम करायचंच असतं. शाळेच्या भिंती रंगवून झाल्या असतील तर ठेकेदाराच्या माणसांच्या दहा-वीस खोल्यांचं भाडं त्यांनी उचलावं.

ते होईपर्यंत समितीनं एवढं करावं. ज्या मुलाला केवळ जागेअभावी संस्थेत पाठवावं लागलं त्याच्या आदेशात तसं स्वच्छ लिहावं: कारण, कुटुंबाला राहायला जागा नाही. 'पालकांची अक्षमता' हे मोघम शब्द तिथे नकोत. असे आदेश वर्षाअखेर मोजावेत, आणि तो आकडा दर मार्चला महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या सभेत वाचला जावा, घरकुलांच्या सोडतीच्या आकड्याच्या लगेच नंतर.